पडद्याच्या कापडाचं जाळं

सगळी गल्ली त्यांना ‘बहुतेकमामा’ म्हणायची आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. मामा शिंपी होते. पँट गुरुवारी मिळेल ना, असं कुणी विचारलं की म्हणायचे, “बहुतेक.” बाही आखूड तर नाही ना झाली? “नसावी बहुतेक.” एकदा बेकरीवाल्याने भर दुकानात विचारलं, “मामा, तुमचं लग्न कधी झालं होतं का हो?” मामा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, “नाही बहुतेक.” बेकरीवाला हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. ही गोष्ट तो पुढे कित्येक वर्षं पाव देतादेता गिऱ्हाइकांना सांगत असे.

गंमत अशी, की मामांनी घातलेली टीप कधी उसवत नसे. बटण लावलं की ते ओढून बघत, परत ओढत, मग चष्मा पुसून परत ओढत. हात पक्का आणि मन डळमळीत, असा माणूस. लोकांशी बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या गळपट्टीवर असायची. डोळ्यांत बघणं त्यांना जमत नसे. पुस्तकांशी मात्र त्यांचं बरं जमे. वाचनालयातून आणलेलं एखादं पुस्तक कापडाच्या ठाणाखाली नेहमी दडवलेलं असायचं, जणू वाचणं ही चोरीच.

घर थोरल्या भावाचं. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत मामांचं दुकान आणि मागे वहिनींचं राज्य. दोघं एकमेकांशी फारसं गोड बोलत नसत, पण एकाला ताप आला की दुसऱ्याला झोप लागत नसे. वहिनींचं कपडे धुण्याचं मशीन मागच्या मोरीत होतं. त्याचं पाणी सुटलं की दुकानाच्या फरशीखालून पाइपातून गडगड गडगड करत जायचं. मामांच्या पायांना त्या थरथरीची इतकी सवय झाली होती, की ती आली नाही तर ते आत डोकावून विचारत, “वहिनी, बरं आहे ना?”

गल्लीच्या मागून ओढा वाहायचा. टेकडीवरून यायचा, घरांच्या पाठी घासून पुढे जायचा, मग ट्रक धुण्याचं वॉशिंग सेंटर लागायचं आणि त्यापुढे दगडी पूल. नऊ वर्षांपूर्वी बाई तारेचं एक कडं आणि झाडूची दांडी घेऊन मामांच्या दुकानात आल्या, तिथपासून ही गोष्ट सुरू होते. बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या छड्या खाल्लेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर टक्कल पडलेली माणसंही सिगारेट मागे लपवत.

“या कड्याला जाळं शिवून द्या,” बाई म्हणाल्या. “ओढ्यातले किडे पकडायचेत.”

“किडे?” मामा म्हणाले.

“पाणी कसं आहे ते पाण्याला विचारून कळत नाही. त्यात राहणाऱ्यांना विचारावं लागतं.”

मामांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी शिलाई घेतली नाही. कपाटात पडद्याचं जाळीदार कापड उरलं होतं, त्याचं जाळं शिवलं, दुहेरी टीप घातली, तळाला गोलाई दिली. जाळं देताना म्हणाले, “टिकेल बहुतेक.” ते नऊ वर्षं टिकलं.

पुढच्याच रविवारी बाईंनी त्यांना बळेच ओढ्यावर नेलं आणि मामा मंडळाचे झाले. मंडळ म्हणजे तसं तिघंच: बाई, मामा आणि बेकरीवाला. बाकी लोक फोटोपुरते येत. कामाची पद्धत ठरलेली. पुलाखालच्या उथळ, गोट्यांच्या जागी एकाने जाळं धरून उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या वरच्या अंगाला पायाने गोटे ढवळायचे. गोट्यांखालचे किडे वाहत येऊन जाळ्यात अडकत. मग जाळं पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं करायचं आणि कोण कोण आलंय ते बघायचं. शेपटीच्या जागी तीन केस असलेल्यांना ते ‘तीनशेपट्या’ म्हणत. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी बांधून राहणारे ते ‘घरवाले’. हे दोघं स्वच्छ पाण्यातले; पाणी बिघडलं की आधी मरतात. घाणीत मजेत राहतात त्या बारीक लाल अळ्या, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. बाईंकडच्या पुस्तिकेत प्रत्येकाला गुण दिलेले होते, स्वच्छवाल्यांना जास्त, घाणवाल्यांना कमी. सगळ्यांची सरासरी काढायची, की ओढा कसा आहे ते कळलं.

ओढा दर वर्षी चांगला यायचा. पुलाच्या कठड्यावर बाईंनी एक फलक लावून घेतला होता, त्यावर दर वर्षी बेकरीवाला रंगाने लिहायचा: ‘ओढा: उत्तम’. ट्रेमध्ये एखादा घरवाला आपली वाळूची नळी ओढत चालायला लागला की मामा त्याच्याकडे बघत राहत. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवण्यात गेलेल्या माणसाला, स्वतःच्या अंगावर स्वतःचं घर शिवणारा किडा बघून काय वाटत असेल ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण रविवारी सकाळी ते दाढी करून जात. तेवढं वहिनींच्या लक्षात आलं होतं.

“किड्यांना बघायला चाललेत की मुलगी बघायला?” त्या म्हणायच्या.

दहाव्या वर्षी जाळं फाटलं. गोट्यांच्या कपारीत अडकलं, बेकरीवाल्याने जोर लावला आणि कापड कडेने टर्रकन फाटलं. मामांनी ते घरी आणलं, पण पडद्याचं तसं कापड आता कुठे मिळेना. तेव्हा बेकरीवाल्याने पीठ चाळायच्या मोठ्या चाळणीचं जुनं कापड आणून दिलं. “हे घ्या. याच्यातून मैदा गळतो, हवा गळत नाही.” मामांनी त्याचं नवं जाळं शिवलं. टीप नेहमीसारखी, गोलाई नेहमीसारखी.

पुढच्या रविवारी ते जाळं ट्रेमध्ये उलटं केलं आणि तिघंही ट्रेवर वाकले. ट्रे लाल झाला होता. दोऱ्यासारख्या अळ्या एकमेकींत गुंतून वळवळत होत्या. मधूनच एखादा तीनशेपट्या भरल्या बाजारात हरवलेल्या माणसासारखा धावत होता. बाईंनी सरासरी काढली, परत काढली, आणि पुस्तिका मिटली.

“ओढा मेला,” त्या म्हणाल्या.

“सेंटर!” बेकरीवाला ओरडला. “दुसरं कोण? गेल्या वर्षी नवी शेड टाकली त्याने. अन् आता तिसरी टाकायला निघालाय. तुम्हाला सांगतो बाई, हा माणूस ट्रकबरोबर आपल्या सगळ्यांना धुऊन काढणार.”

हे खरं होतं. सेंटरवाल्याने तिसऱ्या शेडसाठी परवाना मागितला होता आणि त्याची सुनावणी दोन आठवड्यांवर होती. लोकांना बोलावलं होतं. नऊ वर्षं उत्तम असलेला ओढा नवी शेड आल्याबरोबर वर्षात खलास, याहून मोठा पुरावा कुठला? बाईंचे डोळे कोरडे होते, पण त्यांच्या चालण्यात एकदम त्वेष आला. तरुणपणी म्हणे त्या अशाच चालत वर्गात शिरत.

मामांना मात्र चैन पडेना. तसं त्यांना कशानेच चैन पडत नसे, म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दोन दिवस ते शिवतायत, थांबतायत, परत शिवतायत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाटलेलं जुनं जाळं काढलं, सांधलं आणि दोन्ही कापडं खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरली. पडद्याच्या कापडाची भोकं मोठी होती. शिंप्याचा डोळा, त्याला लगेच दिसलं. त्यातून दोऱ्याचा तुकडा सहज निसटला असता.

दुकान बंद करून ते दोन्ही जाळी घेऊन एकटेच पुलाखाली गेले. एकाच जागी, एकसारखे गोटे ढवळून, आधी जुन्याने, मग शेजारीच नव्याने घेतलं. जुन्या जाळ्यात घरवाले, तीनशेपट्या आणि एखाददुसरी लाल अळी. नव्यात तेच घरवाले, तेच तीनशेपट्या आणि त्यांच्याभोवती लाल चिखल. म्हणजे नऊ वर्षं अळ्या येत होत्या आणि जात होत्या. जाळं त्यांना धरतच नव्हतं. धडधाकट तेवढे किडे ट्रेमध्ये यायचे आणि मंडळ टाळ्या पिटायचं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण बटण दहा वेळा ओढून बघणारा माणूस तो. ओढ्याच्या काठाने ते वर निघाले. सेंटरच्या वरच्या अंगाला, जिथे सेंटरचं पाणी पोचणंच शक्य नाही तिथे, नवं जाळं लावलं. लाल. आणखी वर गेले, घरांच्या पाठीमागे. लाल. आणखी वर, गल्लीचा शेवट येतो तिथे पावसाच्या पाण्याचा पाइप ओढ्यात उतरतो. पाइपाच्या खाली लाल. पाइपाच्या वर चार पावलं गेले, गोटे ढवळले, जाळं उलटं केलं. पाणी निवळ. घरवाले आपापल्या नळ्या घेऊन निवांत चाललेले. लाल अळी औषधालाही नाही.

कोरडे दिवस होते, आकाशात ढग नव्हता, आणि पावसाच्या पाण्याचा पाइप वाहत होता. मामा त्याच्यासमोर उभे राहिले. पाणी कोमट होतं, त्याला साबणाचा वास होता. वहिनींच्या साबणाचा.

गल्लीत एकेकाळी एकच प्लंबर होता. मोरीचं पाणी खालच्या मोठ्या गटाराला नेण्यापेक्षा शेजारून जाणाऱ्या पावसाच्या पाइपाला जोडणं त्याला सोपं पडे. त्याने सगळ्यांचं तसंच जोडून दिलं होतं आणि सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली होती.

दुसऱ्या दिवशी मामा बाईंच्या दारात उभे राहिले.

“बाई, जरा ओढ्यावर येता का?”

“का? काय झालं?”

“काही नाही बहुतेक.”

“मग कशाला येऊ?”

“या,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ‘बहुतेक’ न आल्यामुळे बाई चप्पल घालून निघाल्या.

मामांनी त्यांच्यासमोर दोन्ही जाळ्यांनी घेतलं, दोन ट्रे काठावर ठेवले. बाई वाकल्या. मग चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, “म्हणजे नापास होणारी पोरं आपण वर्गात घेतच नव्हतो.”

“माझं जाळं,” मामा म्हणाले. “माझ्या कापडाने झालं.”

“कापड मी बघायला हवं होतं. विज्ञान मी शिकवलं, तुम्ही नाही.”

मग मामांनी पाइपाचं सांगितलं. सांगताना अडखळत होते, पण सगळं सांगितलं. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, “माझंही पाणी त्याच पाइपात?”

“सगळ्यांचंच.”

“हे सुनावणीत सांगितलं तर सेंटर सुटेल.”

“हो बहुतेक.”

“आणि गल्ली पाइप बदलेल? घराघरात फरशा फोडून? बेकरीवाला बदलेल? तुमच्या वहिनी?”

“नाही.”

“बघा, इथे तुमची खात्री आहे.” बाई हसल्या, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. “मामा, सेंटरचं पाणी म्हणजे काही अत्तर नाही. आज नाही तर उद्या ते ओढा मारणारच. तिसरी शेड झाली की संपलंच. आधी ते थांबू दे. पाइपाचं मग बघू. सुनावणीनंतर.”

“पण ते खोटं होईल.”

“आपण कुठे काय बोलतोय? आपण फक्त ट्रे दाखवणार आहोत. ट्रे खोटा आहे का?”

मामांना उत्तर सुचायचं ते नेहमी घरी गेल्यावर. ट्रे खोटा नव्हता, मागची नऊ वर्षं खोटी होती. पण हे सुचलं तेव्हा बाई निघून गेल्या होत्या.

सुनावणीचा हॉल लांबट होता, पंखे आवाज करत होते. समोर टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या, त्यांना सर्दी झालेली होती आणि त्या सारख्या रुमाल शोधत होत्या. मंडळाच्या बाईंनी सगळं मांडलं. नऊ वर्षांची सरासरी, यंदाची सरासरी, नव्या शेडची तारीख. छान बोलल्या. बेकरीवाल्याने मागून ‘शेम शेम’ केलं, तेव्हा त्याला बाहेर काढायची धमकी मिळाली.

मग सेंटरवाला उठला. मोठं पोट, मोठा आवाज, सदऱ्याची बटणं मामांनीच दोनदा सरकवून दिलेली. त्याच्याकडे वकील होता, पण त्याने वकिलाला खाली बसवलं.

“मॅडम, मला यातलं काही कळत नाही. माझं पाणी टाकीत जातं, टाकीतून टँकर नेतो. मी ओढ्यात काही सोडत नाही. आता या बाई शिकलेल्या, त्या म्हणतात ते असेल. पण मला एकाच माणसाला विचारायचंय.” तो वळला. “मामा, तुम्ही सांगा. तुम्ही दर रविवारी तिथे असता. तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहितेय, तुम्हाला ते जमणारच नाही. ह्या अळ्या यंदाच आल्या का?”

सगळा हॉल मामांकडे वळला. मामा उभे राहिले. इतक्या माणसांनी एकाच वेळी आपल्याकडे बघितल्याचं त्यांना आयुष्यात आठवत नव्हतं. समोर सेंटरवाल्याच्या सदऱ्याचं तिसरं बटण दिसत होतं. त्याच्या बाजूला बाई. बाईंनी मान वळवली नव्हती. टेबलावरच्या ट्रेकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांचा मानेमागचा अंबाडा थोडा सुटला होता. एखादी मुलगी निकालाची वाट बघत बसते तशा बसल्या होत्या. मामांना वाटलं, ‘बहुतेक’ म्हणावं. ‘बहुतेक’ म्हटलं तर अधिकारी बाई पुढचा प्रश्न विचारतील, मग सगळं आपोआप बाहेर येईल, आपल्याला काही करावं लागणार नाही. तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आला,

“हो.”

मग बेकरीवाला उभा राहून ओरडला, “मॅडम, लिहून घ्या! या माणसाला बाहेर पाऊस पडतोय का विचारलं तर छत्री उघडून म्हणतो, बहुतेक! तो हो म्हणाला म्हणजे बघा!”

लोक हसले. अधिकारी बाईही नाक पुसता पुसता हसल्या. सेंटरवाला हसला नाही. तो मामांकडे बघत राहिला, आणि मग हळूच खाली बसला.

तिसरी शेड नाकारलीच, जुना परवानाही काढून घेतला. महिन्याभरात सेंटरच्या फाटकाला कुलूप लागलं. बेकरीत मंडळाला चहा आणि गरम बन मिळाले. लोक मामांच्या पाठीवर थाप मारत होते, प्रत्येक थापेबरोबर मामांचा चहा बशीत सांडत होता. गर्दी कमी झाल्यावर ते बाईंजवळ सरकले.

“बाई, ते पाइपाचं...”

“पुढच्या महिन्यात बघू हं,” बाई म्हणाल्या, आणि कुणीतरी फोटोसाठी हाक मारली म्हणून उठल्या.

पुढच्या महिन्यात त्यांना खोकला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात बहिणीकडे गेल्या. मामा वाट बघत राहिले. मग त्यांनी ठरवलं, सुरुवात आपल्याच घरापासून करावी. वहिनी धुणं काढत होत्या तेव्हा ते मोरीच्या दारात जाऊन उभे राहिले.

“वहिनी, या मशीनचं पाणी... पाइप बदलून घेऊ या का? मोठ्या गटाराला जोडून?”

“का? तुंबलाय?”

“तुंबला नाही. ते पाणी ओढ्यात जातं.”

“जाऊ दे की. ओढ्यात पाणी नाही जाणार तर काय दूध जाणार?”

“साबणाने तिथे अळ्या होतात.”

वहिनींनी ओला टॉवेल पिळता पिळता त्यांच्याकडे पाहिलं. “मला शिकवता? ओढा त्या सेंटरवाल्याने घाण केला. सगळ्या गावाला माहितेय. तुम्हीच तर छाती ठोकून सांगितलंत ना तिथे? आता माझ्या मशीनने केला म्हणता? उद्या म्हणाल वहिनीनेच अळ्या सोडल्या.”

“तसं नाही...”

“मग कसं? तिथे बोललात ते खरं, का आता बोलताय ते?”

वहिनींनी टॉवेल झटकला, त्याचे थेंब मामांच्या चष्म्यावर उडाले. “तुमच्या किड्यांसाठी मी घर खणू देणार नाही. तुमच्या भावाने बसवलेली फरशी आहे ही.”

शेजारच्या दोघांना विचारून पाहिलं. दोघांनीही तेच सांगितलं, हसून. “मामा, तुम्हीच तर हो म्हणालात.” त्या एका शब्दाची आता जणू भिंत झाली होती, जिथे जावं तिथे तीच आडवी यायची आणि तिच्यावर त्यांच्याच हाताची पक्की टीप असायची. एकदा ते सरकारी कार्यालयातही गेले. बाकावर बसले. शिपायाने विचारलं, काय काम आहे? मामांनी वाक्य जुळवून आणलं होतं, पाठ करून आणलं होतं. “काही नाही बहुतेक,” ते म्हणाले आणि घरी आले.

एका दुपारी सेंटरवाला दुकानात आला. हातात तीन पँटी. “कमरेत आत घ्यायच्यात.”

मामांनी टेप काढली. माप घ्यायला वाकले तेव्हा त्यांना दिसलं, पोट बरंच उतरलं होतं. मग सेंटरवालाच म्हणाला, “माणसं गेली माझी. चांगली होती. एक जण आता दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर आहे.”

मामांचा हात टेपवर थांबला.

“नाही, तुमच्यावर राग नाही,” सेंटरवाला म्हणाला. “रागच असता तर पँटी दुसरीकडे नेल्या असत्या. मी बाईंचं ऐकलं नसतं, वकिलाचं तर नाहीच. पण तुम्ही म्हणालात. घरी जाऊन टाकी उघडली, आत उतरून बघितली. काही दिसलं नाही. पण कुठेतरी गळत असणारच, नाही का? तुम्ही म्हणालात म्हणजे असेलच. मला आपलं कळलं नाही इतकी वर्षं.” त्याने घसा साफ केला. “गुरुवारी मिळतील?”

मामांनी त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. गळपट्टीपर्यंत नजर गेली आणि तिथेच राहिली. “हो,” ते म्हणाले. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांना आता तोंडात आणवत नव्हता.

वर्ष होत आलं. रविवारच्या ट्रेमध्ये अळ्या तितक्याच येत होत्या. बेकरीवाला म्हणे, वाढल्यात. “सेंटर बंद करून काय उपयोग झाला मग?” तो डोकं खाजवत विचारायचा. “जमिनीत मुरलेलं असेल ना बाई? निघायला वेळ लागत असेल.” बाई म्हणायच्या, असेल. घरवाले दिसेनासे झाले होते. वरच्या पाण्यातून पूर्वी खाली वाहत यायचे, तेही आता यायचे थांबले. एकदा मामा पाइपाच्या वर जाऊन बघून आले. तिथे टेकडीवर नवीन घरं उठत होती आणि काठाला नव्या कोऱ्या पाइपांचे तुकडे पडले होते. जोडणारा तोच प्लंबर होता. त्याने मामांना ओळखून हात वर केला.

त्यातच कार्यालयातून निरोप आला. ओढा किती सुधारला ते बघायला अधिकारी बाई स्वतः येणार होत्या. आपल्या कार्यालयाने केलेलं एवढं एक काम दाखवण्यासारखं आहे, असं त्यांना वाटत होतं. सुधारला नसेल तर परवान्याचा सगळा विषय परत उघडावा लागेल, असंही त्या म्हणाल्या होत्या.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या. काठी टेकत आल्या. खोकल्यानंतर त्यांची तब्येत सावरलीच नव्हती. पिशवीतून त्यांनी कापडाची एक घडी काढली आणि कापायच्या टेबलावर ठेवली.

“नवं जाळं लागेल. ते सांधलेलं काही टिकायचं नाही,” त्या म्हणाल्या.

मामांनी घडी उलगडली. पडद्याचं जाळीदार कापड होतं. कुठून शोधून आणलं होतं कोण जाणे. मामांना तेव्हा गावभर धुंडूनही मिळालं नव्हतं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं.

“याची भोकं मोठी आहेत, बाई.”

“माहितेय.”

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. बाई गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली. छडी धरून बसायच्या तशी. “मी पाइपाचं सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “रोज ठरवत होते. मग वाटायचं, आता सांगितलं तर लोक म्हणतील, यांचं पहिलंही खोटं, दुसरंही खोटं. मग ओढ्याकडे कोण फिरकणार? फलकावर निदान उत्तम लिहिलेलं असलं तर कुणी त्यात कचरा तरी टाकायचा नाही.” मग त्यांनी विचारलं, “खरं ना मामा?”

त्यांना उत्तर हवं होतं. शाळेत मुलांना प्रश्न विचारताना त्यांना उत्तर आधीपासून माहीत असायचं, आज नव्हतं. मामांनी त्यांच्या सुटलेल्या अंबाड्याकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. पहिल्यांदाच पाहिलं.

“हो,” ते म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी जुन्या कड्यावरून माप घेतलं. कापड कापलं. कड दुमडली, दुहेरी टीप घालायला घेतली. मशीन सुरात चालू झालं. हात नेहमीसारखे पक्के होते. अर्धी गोलाई झाली असेल, तेवढ्यात मागे वहिनींच्या मशीनने पाणी सोडलं. फरशीखालून गडगड गडगड करत ते निघालं, पायांच्या तळव्यांखालून, दाराच्या उंबऱ्याखालून, गल्लीकडे. मामांनी पाय उचलला. चाक थांबलं. पाणी पूर्ण जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले, आणि आवाज बंद झाल्यावर त्यांनी टिपेचं शेवटचं टोक नेहमीप्रमाणे ओढून बघितलं. पक्कं होतं.

मग त्यांनी पाय परत मशीनच्या पायडलवर ठेवला.